माया

नव्याच्या सणाला आमच्यात हन्नेची गोष्ट वाचतात.
टेंभी नाक्याच्या सिनेगॉगात, बायकांच्या बाकावर,
मी दरवर्षी तीच ऐकते,
आणि अर्धं लक्ष घरी, रात्री थाळीत ओतलेल्या
चिकाच्या हलव्यात: आळला असेल ना?

वडीलधारे सांगतात,
प्रार्थना कशी करावी ते तिनं शिकवलं.
ओठ हलावेत, आवाज फुटू नये,
आपल्याच कानाला लागेल एवढंच.
दारापाशी बसलेला एली
तिला प्यालेली समजला.
पुढे त्याच पुटपुटण्याचा नियम झाला.
मोठमोठे पंडित अजून
त्या एका बाईसारखे उभे राहतात.

ठीक आहे. ते मला कळतं.
पण मी कपडे शिवणारी बाई,
मी अडते पुढच्या एका ओळीशी:
त्याची आई दरवर्षी
एक लहानसा झगा करून न्यायची.

माप कुठून आणलंस गं?
दूध तुटलं तसं पोर देवाच्या घरी ठेवलंस,
वर्षातून एकदा भेट.
पनिन्नेच्या धाकट्याला हाक मारलीस का,
ये रे, जरा पाठ कर इकडे,
आणि त्या पाठीवर वीत ठेवताना
सवतीचं सगळं बोलणं गिळलंस?

एलकाना म्हणाला होता,
दहा मुलांहून मी बरा नाही का तुला.
आमचे बिन्यामीनही असंच काही म्हणाले,
वागळे इस्टेटीतून येताना
सीताफळं घेऊन आले.
माणूस चांगला आहे.
मी सीताफळं खाल्ली.

एझ्रा सोळाचा होता, मामाबरोबर अश्दोदला गेला.
दर सणाला एक सदरा.
फोनवर म्हणतो, आई, एल पाठव.
माझ्या टेपवर एल नाही.
मोबाईल टेकवून ठेव, म्हटलं, हात पसर,
दोन्हीकडची बोटं खिडकीच्या चौकटीला लागतात का बघ.
अशी मी त्याची छाती मोजली,
समुद्रापलीकडच्या एका खिडकीनं.
मग म्हणाला, इथं सगळं मिळतं गं.
मिळत असेल.
पोस्टातली बाई पार्सल तोलताना विचारते, आत काय?
कपडे.
किंमत?
मी काहीतरी लिहिते.

वाढत्या अंगाचं शिवताना
शिवणीच्या आत बोटभर कापड जास्त ठेवतात.
आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात.
दुकानातल्या पोरी तीच कापायला बघतात,
मी ओरडते: मायेत चिंगूसपणा नको.

हन्नेनंही सोडली असणार.
कारण किती वर्षांनी, शमुवेल गेल्यावर,
एका बाईनं त्याला मातीतून वर बोलावलं.
राजानं विचारलं, दिसतो कसा?
म्हातारा आहे, ती म्हणाली, झगा पांघरलाय.
तेवढ्यावर ओळख पटली.
जुनी माणसं म्हणत, झगा तोच,
अंगाबरोबर वाढत गेला, चमत्कार.
मी म्हणते, आधी उलटा करून शिवणी बघा.

परवा शब्बाथ सुटल्यावर एझ्राचा फोन आला.
अंगात सहा वर्षांपूर्वीचा निळा सदरा.
कप घ्यायला वळला तेव्हा दिसली
काखेखाली जुन्या टाक्यांच्या भोकांची ओळ,
आणि बोटभर बाहेर नवी शिवण,
निळ्यावर पांढरा दोरा,
हाताचे टाके, लांब लांब, वेडेवाकडे.
एझ्राला सुई ओवता येत नाही.
कप देणारा हात पडद्याच्या कडेनं
आला तसा गेला, चेहरा दिसला नाही.

टाके वाईटच होते.
मी फोन दोन्ही हातांनी धरून बसले.

आई, एझ्रा म्हणाला, आई,
काय बोलतेयस?
आवाज येत नाहीये तुझा,
नुसते ओठ हलतायत.